काकड्याआधीची ऊब

आबांनी दोन्ही तळहात मशीनच्या पंख्यांपुढं धरले होते, आरती घ्यावी तसे. हेमराजनं मान वळवली नाही. तो स्क्रीनकडं तोंड करून बसला होता, आणि बाप पाठीमागं टेकला आहे एवढंच त्याला जाणवत होतं.

आबा, म्हणजे भगवंतराव, सौंसरातल्या विठ्ठल मंदिराचे मृदंगी. कार्तिकातला काकडा त्यांच्या थापेशिवाय उभा राहत नसे. शेजारी टाळ घेऊन लहानपणापासून हेमराज. गेल्या साली मात्र त्यानं नागपूरची नोकरी सोडली, घरातल्या मागच्या खोलीत ग्राफिक्स कार्डांचं मशीन मांडलं आणि क्रिप्टोचं मायनिंग सुरू केलं. कार्डं अखंड आकडेमोड करत, तापत, आणि त्यांना गार ठेवायला पंखे घोंगावत. संतापलेले आबा भर मंदिरात, भजनी मंडळाच्या देखत बोलून गेले, "याच्यासंगं एक शब्द जरी बोललो, त माहा मृदंग सुटला समजा."

देवापुढं निघालेला शब्द. आबा तो गिळणार कसा?

पण या कार्तिकात, काकड्याला निघण्याआधी, ते रोज पहाटे या खोलीत येऊ लागले होते. थंडीनं बोटं आखडत, ती इथल्या उबेत मोकळी होत. आले की मुकाट बसायचे, मुकाट जायचे.

"मामाजी तुमच्या मशीनची आरती घेऊन राहिले रोज," बायको, अमिता, चहा ठेवत सासऱ्यांबद्दल म्हणाली. "आता प्रसाद ठेवत जा तिच्यापुढं."

"हासू नको. आबा पाघळून राहिले. एखादा शब्द तोंडून निघालाही असन, या पंख्यांच्या कल्ल्यात मले का ऐकू येणार हाये?"

"अन् बोलले त मृदंग सुटते न त्यायचा."

"नुसतं हूं म्हटलेलं देव थोडीच धरते."

पंख्यांचा कल्ला कमी करायचा म्हणून त्या दिवशी हेमराज दुपारभर कार्डांपुढं बसला. गाभ्याचा वेग, म्हणजे कोर क्लॉक, खाली आणला. मेमरीचा थोडा चढवला. एक कार्ड अडकलं तशी पुन्हा एक पायरी उतरवली. विजेची मर्यादा आवळली. संध्याकाळपर्यंत काम तेवढंच होऊ लागलं आणि वीज कितीतरी कमी लागू लागली. कार्डं गार पडली. पंखे इतके मंदावले, की अंगणातल्या पाखरांची किलबिल खोलीत ऐकू येऊ लागली. असं नेमकं जुळलेलं मशीन त्यानं आजवर पाहिलं नव्हतं.

पहाटे आबा आले. दारातच थबकले. उभ्याउभ्या पंख्यांपुढं हात धरला, खोलीतली शांतता जरा वेळ ऐकली आणि न बसता निघून गेले. दुसऱ्या दिवशी आलेच नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही.

हेमराज अमिताला म्हणाला, "ऊब पाहिजे होती त्यायले, बस. मीच बावळट."

"असन," अमिता म्हणाली. "मंग ऊब त दे न बापाले. बोटं आखडून राहिले त्यायचे."

त्या रात्रीच त्यानं सगळी जुळणी मोडली. कोर क्लॉक वर नेला, विजेची मर्यादा सैल केली. मीटर पळू लागलं, पंखे पुन्हा गरजू लागले, भिंती तापल्या. त्याच पहाटे पावलं वाजली. आबा नेहमीच्या जागी, त्याच्या पाठीमागं बसले.

हेमराज आणखी एक आकडा बदलायला गेला आणि स्क्रीन क्षणभर काळी पडली. त्या काळ्या काचेत त्याला मागे बसलेला बाप दिसला. हात पंख्यांपुढं होते, पण डोळे त्याच्या पाठीवर. आणि ओठ चालू होते. नामस्मरण नव्हतं ते. ओठ मिटत, पुढं येत, थांबत, पुन्हा मिटत. मधूनमधून तोच एक आकार: हेमू. मग बरंच काही, घाईघाईनं, पोटात साठलेलं. मग पुन्हा हेमू.

स्क्रीन उजळली. हेमराज वळला नाही. खांदाही त्यानं हलू दिला नाही. माऊस हळूच सरकवला आणि पंख्यांचा वेग शेवटच्या टोकापर्यंत चढवला.