रश्शावरचा कोबी

माझी परदेशी सून पहिल्यांदाच ग्वादालाहाराला आमच्या घरी आली. पोसोलेच्या, म्हणजे मका-मांसाच्या गरम रश्शावर मी चिरून घातलेला कच्चा कोबी तिने हळूच बाजूला सारला.

"आई, मेक्सिकोत कच्चं खाऊ नकोस, असं सगळ्यांनी बजावलंय."

माझं डोकं फिरलं. हाताला धरून तिला स्वयंपाकघरात नेलं आणि जंतुनाशक थेंबांच्या पाण्यात भिजत घातलेला कोबी दाखवला.

"आस्त्रिद, आम्हाला काय पोटं नाहीत?"

ती हसली. मग तिने वाडगा चाटूनपुसून खाल्ला.

रविवारी नणंदेकडे जेवायला गेलो. तिच्याही पोसोलेवर कोबी होता. आस्त्रिद उठून थेट आत गेली.

"आत्या, थेंबांची बाटली कुठे ठेवता?"

नणंद गोरीमोरी झाली. लग्न झाल्यापासून तिच्याकडे जेवून माझं पोट बिघडत आलंय, पण हे विचारायची माझी कधी छाती झाली नव्हती.