लाल टिकली

मिनेसोटातल्या शाळेच्या हॉलमध्ये दोन नकाशे टांगले होते: एक शहरातल्या ट्रामचा, दुसरा गावोगाव जाणाऱ्या रेल्वेचा. "पैसे एकालाच पुरतील," अधिकारीबाई म्हणाल्या. "रेल्वे निवडली, तरी यायला दहा वर्षं लागतील." प्रत्येकाला मत म्हणून नकाशावर चिकटवायला एक लाल टिकली मिळाली. "शहरवाल्यांचे किती लाड करायचे? आपल्याला रेल्वे हवी!" म्हातारा ऑरव्हिल गरजला. मग बायकोकडे वळून हसला. "आपल्याला म्हणजे नातवंडांना, आर्लिस. तुझा ड्रायव्हर अजून ठणठणीत आहे." ऐटीत जाऊन त्याने टिकली चिकटवली. "बघ, बरोब्बर आपल्या गावावर!" आर्लिसने पुढे होऊन पाहिलं. टिकली ट्रामच्या नकाशावर होती, तीही तळ्याच्या मधोमध. तिने आपली टिकली रेल्वेच्या नकाशातल्या गावावर दाबली. दारात ऑरव्हिल गाडीच्या किल्ल्या खुळखुळवत होता. "चल, बर्फ पडायच्या आत घरी पोचवतो तुला."