तानुबाईचा कागद

तानुबाई तिसऱ्यांदा दारात आली तेव्हा ज्ञानेश्वर न्हाणीघरात श्वास रोखून उभा होता.

"ते घरी नाही वो मावशी," बाहेर त्याची बायको राखी सांगत होती. "मोताळ्याले गेले."

"चप्पल तर दारात हाये."

राखीनं चप्पल पायानं बाजूला सारली. "दुसरी घालून गेले."

"बरं. हा कागद त्याच्याच हातात द्या लागते म्हणते महादेव गुरुजी. त्याले सांगजो, तुह्याच भल्याचा हाये."

कागद कसला, हे ज्ञानेश्वरला न वाचताच कळलं होतं. वादळात तानुबाईच्या घरावरचे टिनपत्रे उडाले आणि दुसऱ्याच दिवशी छपराचा ठेकेदार म्हणून त्यानं तिची करारावर सही घेतली. घराचा विमा होता. विमा कंपनी देईल तो पैसा ठेकेदाराचा, मालकिणीकडून वर एक रुपया घ्यायचा नाही, आणि काम पुरं करून द्यायचं, असा करार त्यानं बुलढाण्याच्या वकिलाकडून लिहून आणला होता. "कंपनी किती का देईना मावशी, तुमाले काय करा लागते?" असं तो तेव्हा ऐटीत म्हणाला होता.

वकिलानं खाली आणखी एक ओळ घातली होती. सात दिवसांत मालकिणीला करार लेखी मोडता येईल, मात्र कागद ठेकेदाराच्या हातात पडला पाहिजे. त्यानंतर दोघांपैकी कुणालाच एकट्यानं माघार घेता येणार नाही. ती ओळ त्याला शोभेची वाटली होती.

पण चौथ्या दिवशी तिच्या गल्लीत मलकापूरचा एक ठेकेदार फिरताना दिसला. संध्याकाळी महादेव गुरुजी तिच्या ओट्यावर काहीतरी लिहीत बसले होते. ज्ञानेश्वरनं तर तिच्या घराच्या मापानं टिनपत्रे कापूनही आणले होते. आता ते दुसऱ्या कुणाच्या घरावर बसणार?

तेव्हापासून तो लपत होता. पोस्टमन दिसला की मागची भिंत ओलांडायचा. बाजाराला गेला नाही. आज सातवा दिवस, आणि आज तर तो उंबऱ्याबाहेरही पडला नव्हता. खिडकीची एक फळी तेवढी उघडी होती. त्या फटीतून तो गल्ली बघत बसला.

"घ्या न एकदाचा तो कागद," राखी म्हणाली. "म्हातारीच्या पायात गोळे येऊन राह्यले. अन् भल्याचा हाये म्हणते."

"गळा कापणाराही तसंच म्हणते."

"मंग न्हाणीतच संसार मांडू काय आपण?"

तो पुन्हा फटीला डोळा लावून बसला.

दिवस मावळला. राखीनं देवापाशी दिवा लावला. ज्ञानेश्वरनं फळी लावून घेतली आणि चार दिवसांत पहिल्यांदा पोटभर जेवला. रात्री पाऊस झाला, तोही त्याला झोपेत गोड वाटला.

सकाळी टिनपत्रे ट्रॅक्टरवर लादून तो तानुबाईच्या दारात उभा राहिला. ती ओट्यावर ओली गोधडी पिळत होती. गुरुजी शेजारी बसले होते.

"आला का बापा," ती म्हणाली आणि कमरेचा कागद काढून तिनं त्याच्यापुढे धरला.

"आता काय कामाचा मावशी? मुदत काल सरली."

"सरली न. तरी वाच."

एक नव्हे, दोन कागद होते. वरचा विमा कंपनीचा. वादळाच्या आधीच विमा संपला असल्यानं काहीही देता येत नाही, असं त्यात लिहिलं होतं. खालचा गुरुजींच्या अक्षरातला: 'ज्ञानेश्वर कष्टाळू पोरगा आहे. त्याला माझ्यापायी भुर्दंड बसू नये, म्हणून मी हा करार मोडत आहे.' खाली तानुबाईची सही आणि चार दिवसांपूर्वीची तारीख.

ज्ञानेश्वरनं गुरुजींकडे पाहिलं. गुरुजी चष्मा पुसत होते.

"कालपावतर मन मोठं होतं रे माहं," तानुबाई गोधडी झटकत म्हणाली. "मंग रात्री अंथरुणात पाणी आलं. टिनं चढोतांना तेवढी तुळस सांभाळजो."