मंजूर प्रवासखर्च

साताऱ्याहून मुंबईला परतताना खंबाटकी घाटापाशी ॲडव्होकेट इरावती गुर्जरला फर्मच्या हिशेब विभागातून फोन आला.

"मॅडम, दोन दिवसांचं टॅक्सीभाडं, जेवण, सगळं मंजूर झालंय."

"अहो, मी वडिलांना भेटायला गेले होते. तो माझा घरचा खर्च आहे."

"पण तुमच्या मनगटावरची लक्ष मोजणारी पट्टी सांगते की सगळा वेळ तुमचं लक्ष अशिलाच्या खटल्यात होतं. मन कामात असेल तर खर्च फर्मचा, हाच नियम आहे ना?"

आजवर या नियमाने तिचा फायदाच केला होता. आज मात्र तिला वडिलांचं एकही वाक्य आठवेना. तिने टॅक्सी मागे वळवायला सांगितली.

अप्पा अंगणात जास्वंदीला पाणी घालत होते. "काय गं, काही विसरलीस?"

"अप्पा, काल जेवताना तुम्ही काय सांगत होतात? मी ऐकलंच नाही."

अप्पांचा चेहरा उतरला. "शेजारच्या सुनंदाबाईंशी लग्न करू का, असं विचारलं होतं. तू 'चालेल' म्हणालीस. मी त्यांना कळवूनही टाकलं."

 इरावती पायरीवर बसली आणि अप्पांना शेजारी बसवत म्हणाली, "आता पुन्हा विचारा."