पाचवाला आणि तीनवाला

"पाचवाला घे," नवरा फोनवरून सांगत होता. "पाच मोठे की तीन? एवढं पहिलीतल्या पोरालाही कळतं."

सुनेने फोन स्पीकरवर टाकून काउंटरवर ठेवला होता. समोर दोन जुनी यंत्रं. एक लॅपटॉप, त्याच्या प्रोसेसरच्या स्टिकरवर पाचचा आकडा. शेजारी एक डेस्कटॉप, करडा, कोपऱ्याला पोचा आलेला. त्याच्या स्टिकरवर तीन. दोन्ही एकाच वर्षीचे, किंमतही जवळपास तीच.

सून घरबसल्या इमारतींचे नकाशे काढायची. गेल्या महिन्यात दोन नकाशे उशिरा गेले. तिसरा उशिरा गेला तर काम दुसऱ्या कुणाला देईन, असं आर्किटेक्टने गोड शब्दांत कळवलं होतं. त्यात तिच्या लॅपटॉपने परवा मान टाकली. आज जे यंत्र घरी जाईल, त्यावर तिचं काम टिकणार होतं, नाहीतर सुटणार होतं.

सोबत सासूबाई होत्या. त्यांना कॉम्प्युटरमधलं ओ की ठो कळत नव्हतं. पण कुठल्याही खरेदीत दुकानदाराकडे संशयाने बघायला घरचं एक माणूस लागतं, आणि ते खातं वर्षानुवर्षं त्यांच्याकडे होतं.

दुकानदाराला सगळे डॉक्टर म्हणत. गिऱ्हाइकाला आकडे ऐकवायची त्याची पद्धत नव्हती. तो गिऱ्हाइकाचंच काम दोन्ही यंत्रांना द्यायचा आणि एक स्टूल पुढे सरकवायचा.

"बसा मावशी. अर्धा तास लागेल."

सुनेने पेनड्राइव्ह दिला. त्यात एका दुमजली घराचा नकाशा होता. दोन्हीकडे एकदमच त्याचं रंगीत चित्र तयार व्हायला लागलं. पहिली पाच मिनिटं दोघं बरोबरीने पळाले. "कोण पुढे आहे?" नवऱ्याने दोनदा विचारलं आणि मीटिंग आहे म्हणून फोन ठेवला.

मग लॅपटॉपचा पंखा किरकिरू लागला. डेस्कटॉपवर वरच्या मजल्याच्या खिडक्या लागल्या, तरी लॅपटॉपची गाडी जिन्याच्या तिसऱ्या पायरीवरच अडलेली.

"नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा," सासूबाई म्हणाल्या. "पाच म्हणे!"

"याला नावं ठेवू नका मावशी. आत कोर दोघांनाही दोनच. कोर म्हणजे काम करणारे हात समजा. हुशारीतही फार फरक नाही. पण डेस्कटॉपच्या पोटात मोकळी जागा आहे, पंखा मोठा आहे. याला एवढ्याशा डब्यात कोंबलंय. जरा काम झालं की तापतो. तापला की जळायला नको म्हणून आपला आपणच हळू होतो."

"आणि सांगत नाही?"

"नाही ना सांगत. तिथंच घोळ होतो. लोक म्हणतात, यंत्र आळशी झालं."

सासूबाईंनी लॅपटॉपच्या पाठीला तळहात लावून बघितला, ताप आलेल्या पोराचं कपाळ बघावं तसा. चांगलाच चटका बसला.

मागच्याच आठवड्यात त्या शेजारणीला म्हणाल्या होत्या की सून हल्ली फार रेंगाळते, एक काम धड वेळेवर होत नाही तिच्याच्याने. सून जेवणाच्या टेबलावर बसून नकाशे काढायची. ते टेबल दिवसातून तीनदा रिकामं करावं लागायचं, आणि "आवर गं आता" हे सांगायचं काम त्यांचंच होतं. पोरगी एक शब्द न बोलता सगळं उचलून आत पलंगावर जाऊन बसायची. सासूबाईंना भर दुकानात लाज वाटली.

"मग ताई, काय करायचं?" डॉक्टरने विचारलं.

"लॅपटॉपच द्या," सून म्हणाली. "टेबल एकच आहे आमच्याकडे. हा मिटून ठेवता येतो. तापला की थोडा वेळ थांबेन मी."

"आणि नकाशा उशिरा गेला तर?" सासूबाईंनी विचारलं.

सून पेनड्राइव्हचं टोपण उघडझाप करत राहिली.

सासूबाई स्टुलावरून उठल्या. डेस्कटॉपच्या पडद्याला त्यांनी वीत लावली. एक, दोन, आणि वर अर्धी. "पेटी खाली पायाशी राहील," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "वरच्या खोलीतलं छोटं टेबल खाली आणू. हॉलच्या खिडकीखाली मावतंय."

"आई, तिथे तुमचं शोकेस आहे."

"आहे. बारा वर्षांत त्यातल्या कपांतून कुणी चहा प्यायला नाही. आता पिऊ." त्या डॉक्टरकडे वळल्या. "हा तीनवाला बांधा. आणि वायरी नीट द्या सगळ्या, नंतर फेऱ्या मारायला लावू नका."

सुनेने पेनड्राइव्हला टोपण लावून तो पर्समध्ये टाकला. तेवढ्यात फोन वाजला. सासूबाईंनीच उचलला.

"तीनवाला घेतला. तू आज लवकर ये, शोकेस हलवायचंय."

"आई, तुला काय कळतं त्यातलं?"

"कालपर्यंत नव्हतं कळत."

"अगं, पण ते धूड हॉलमध्ये मांडणार? आपल्याकडे सारखं कुणी ना कुणी येत असतं. काय म्हणतील लोक?"

"ते कशाला काय म्हणतील? मीच दारात सांगेन त्यांना," सासूबाई म्हणाल्या. "सून काम करतेय, जरा हळू बोला."