चाफेकळी

लेक सकाळपासून बेपत्ता होती. चौकीत हवालदाराने आईकडे तिचा फोटो मागितला. घरच्या अल्बममध्ये लेकीने स्वतःचे सगळे चेहरे कात्रीने कापून तिथे मासिकांतल्या मॉडेलचे चेहरे चिकटवले होते. उरला होता फॅशन फोटोग्राफरने काढलेला एकच फोटो. त्यात त्याने तिचं आईवर गेलेलं बसकं नाक कॉम्प्युटरवर चाफेकळी करून टाकलं होतं. आईने तोच दिला.

संध्याकाळी फोन वाजला.

"ताई, मुलगी सापडली. फोटोशी तंतोतंत जुळतेय."

"नाक... नाक कसंय तिचं?"

"फोटोतल्यासारखंच. चाफेकळी."

आईचा हात नकळत स्वतःच्या नाकावर गेला.

"मग ती माझी नाही, दादा."