मागावरून उतरताना

कात्री. कालच धार लावून आणलेली.

सोलमध्ये एका उंच इमारतीत कुणीतरी जेवणाचा वाडगा बाजूला सारतं आणि केस सारखे करतं.

जिनिव्हाच्या विमानतळामागे एक थंड, कोरडं गोदाम. त्यात एका खोक्यापुरती जागा राखून ठेवलेली.

बटाट्याची पाई, पोटात साय ओतलेली, अजून गरम.

ओदिल केस धुऊन, निळा झगा घालून कारखान्यात आली, तेव्हा शेजारच्या मागावरची जोझेत म्हणाली, “अगं, लग्नाला निघालीस की काय? नवरदेव तर फोनमध्ये आहे!”

“असू दे. दिसेन ना त्याला.”

विणलेल्या चित्राचा पट मागावरून उतरतो त्या दिवशी फ्रान्समधल्या ओब्यूसाँत चित्रकार स्वतः येतो आणि पहिला धागा कापतो. विणणाऱ्या बायका पाठीकडून विणतात, झालेला भाग रुळावर गुंडाळत जातात. म्हणजे दर्शनी बाजू त्यांनाही त्याच दिवशी पहिल्यांदा सबंध दिसते. पण ओदिल त्या क्षणी पटाकडे कधी बघायची नाही. ती चित्रकाराच्या तोंडाकडे बघायची.

आज ते तोंड तिवईवरच्या फोनमध्ये होतं. सोलची चित्रकार युन हे-रिन. तिने हात हलवला, ‘बोंजूर’ म्हणाली. त्यापुढचं तिचं बोलणं फोनच फ्रेंचमध्ये करून सांगू लागला, बातम्या वाचाव्यात तशा आवाजात.

“माझ्या वतीने तुम्हीच कापा, मादाम.”

ओदिलने कापलं. ताणलेले धागे एकेक करत सुटले. चौघांनी रूळ उलगडला, पट जमिनीवर पसरला आणि उलथा केला. “वाऽ!” पाहुणे म्हणाले. नदी, होडी, काठावरची झाडं. होडीच्या टोकाला रुमाल बांधलेली एक म्हातारी, वाऱ्याने डोळे बारीक केलेली. म्हातारीबद्दल चित्रकार काय म्हणते, तेवढंच ओदिलला ऐकायचं होतं.

कारखान्याचा मालक रेमी याने मूळ चित्र प्रोजेक्टरने भिंतीवर पाडलं होतं. ओदिलने एकदा भिंतीकडे पाहिलं, एकदा जमिनीकडे.

भिंतीवरची होडी डावीकडे निघाली होती. जमिनीवरची उजवीकडे.

पाठीकडून विणायचं तर नमुना आधी उलटा करून धाग्यांखाली ठेवावा लागतो. हाताने रंगवलेला कागद यायचा तेव्हा हे काम ओदिलचंच असायचं. हा नमुना फायलीवरून छापून आला, तोही एकेक पट्टी करून, टपालाने. संगणकाने तेवढं केलंच असेल, असं ती धरून चालली. कुणाला विचारलं नाही.

रेमीच्याही लक्षात आलं. तो तिच्या कानाशी लागला. “ओदिल, तुमच्या पाया पडतो. फोनवर काही कळत नाही.”

“मला कळतंय ना.”

ती फोनसमोर जाऊन उभी राहिली. हात झग्याला पुसले. “मादाम, पट उलटा विणला गेलाय. डावं होतं ते उजवीकडे गेलंय. चूक माझी आहे.”

फोनने ते सोलला सांगितलं. हे-रिन जरा पुढे झुकली. ओदिल तिचं तोंड निरखत राहिली. त्या तोंडावर राग आला नाही. ते खालच्या कुठल्यातरी दुसऱ्या पडद्याकडे वळलं, परत वर आलं.

“हो का? मग फोटोत फिरवून घेऊ. एक कळ दाबायची.”

“पण पट…”

“मनाला लावून घेऊ नका हो. लोक बघणार ते पडद्यावरच. पट तिथून थेट जिनिव्हाच्या गोदामात जातो. विकत घेणाऱ्यांनी तसंच ठरवलंय.”

रेमीने सुटकेचा श्वास टाकला. बाटलीचं बूच उडालं. जोझेत पाई कापता कापता म्हणाली, “वाचलीस गं! आपल्या त्या म्हाताऱ्या चित्रकारांपैकी कुणी असता ना, तर हीच कात्री तुझ्या अंगावर फेकली असती.”

“फेकायला हवी होती,” ओदिल म्हणाली.

मग तिने फोन तिवईवरून काढला, पटाशी गुडघे टेकून बसली आणि फोन होडीच्या टोकावर धरला.

“निदान ही म्हातारी तरी बघा.”

“कुठली म्हातारी?” फोनने विचारलं.

“ही काय. रुमालवाली.”

“अरे हो, आहे खरी. मशीनने टाकली असेल. मी तिच्याकडून शंभरेक चित्रं काढून घेतली होती, त्यातलं हे निवडलं.” हे-रिन हसली. हसू मात्र तिचं स्वतःचं होतं, फोनला ते बदलता आलं नाही. “गोड आहे. चला, मला दुसरा फोन येतोय. सगळ्यांचे खूप आभार.”

पडदा काळा झाला. जोझेतने पाईचा तुकडा बशीत घालून आणला. “ऊठ. गार होईल.” ओदिल उठली नाही. पटावर अडकलेली लोकरीची कुसळं ती बोटाने टिपत राहिली.

ओदिलने ती म्हातारी विणायला घेतली, तेव्हा सोलहून आलेल्या नमुन्यात तिला चेहरा नव्हता. रुमालाखाली चारपाच करडे चौकोन होते, एवढंच.